अनुदान-वसुली (दिव्यांग)

दिव्यांग व्यक्तीला हक्कापेक्षा जास्त, किंवा पात्रता संपल्यानंतरही, दिले गेलेले अर्थसाहाय्य शासनाने परत मागणे. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेत उद्भवतो. १९८० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि ५०,००० रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला दरमहा रक्कम मिळते. २०२३ मध्ये ती १,००० वरून १,५०० रुपये झाली. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. गावात तिला अनुदान म्हणत नाहीत, ‘पगार’ म्हणतात. पगार चालू झाला, पगार बंद पडला, अशीच भाषा असते आणि ती खरी आहे, कारण अनेक घरांत महिन्याची तेवढीच खात्रीची आवक असते.

उदाहरणादाखल पुणतांबा घ्या : हे गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे गाव. १ जून २०१७ रोजी इथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे ते राज्यभर पोहोचले. गाव राहाता तालुक्यात येते; त्यामुळे इथल्या दिव्यांगाचा अर्ज, त्याची छाननी आणि पुढचा पत्रव्यवहार हे सारे राहात्याच्या तहसील कार्यालयाशी. ज्याला चालता येत नाही किंवा दिसत नाही, त्याच्यासाठी तिथली प्रत्येक खेप म्हणजे सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी.

जादा रक्कम जाण्याची कारणे बहुधा साधी असतात : तात्पुरत्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मुदत संपणे, मुलाला नोकरी लागून उत्पन्न मर्यादेपुढे जाणे, दोन योजनांचे पैसे एकाच खात्यात येणे, लाभार्थ्याच्या मृत्यूची नोंद उशिरा होणे. खोटे प्रमाणपत्र हा प्रकार यापेक्षा पूर्णपणे वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चूक आणि फसवणूक यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे. दरमहा १,५०० च्या हिशेबाने दोन वर्षांची मागणी ३६,००० रुपये होते. ज्या घराची उत्पन्नमर्यादाच ५०,००० आहे, त्याने ती कशातून भरायची?

मागणीपत्र आले की घाबरून पैसे भरू नयेत आणि न वाचता कोणत्याही हमीपत्रावर सही किंवा अंगठा देऊ नये. कोणत्या महिन्यांची, कोणत्या कारणाने आणि किती रक्कम मागितली आहे, याचा तपशील लेखी मागावा. तो मिळाला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. पासबुकातील नोंदी स्वतः ताडून पाहाव्यात. उत्तर मुदतीत, लेखी द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. आपण काय, केव्हा कळवले होते, प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध होते, हे त्यात स्पष्ट लिहावे. म्हणणे ऐकून न घेता वसुली करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. रक्कम खरोखरच देय निघाली, तर ऐपतीप्रमाणे हप्ते किंवा माफी मागावी.

न्यायालयांनी या विषयावर सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांच्या प्रकरणांत विचार केला आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह (२०१४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तांकडून, तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असल्यास, वसुली अमान्य ठरवली. जगदेव सिंग प्रकरणात (२०१६) मात्र परतफेडीची हमी लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडील वसुली मान्य झाली. हमीपत्राबाबत सावध राहायचे ते यासाठीच. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भंडारा आयुध निर्माणीतील एका वृद्ध निवृत्ताच्या पेन्शनमधून बँकेने चालवलेली वसुली बेकायदा ठरवली. त्यांच्या घरी मतिमंद मुलगी होती. हे निकाल अनुदानाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण लाभार्थ्याचा दोष नसताना त्याच्यावर असह्य भार टाकू नये, हे त्यांतील तत्त्व उत्तरात जरूर मांडावे.

तहसीलस्तरावर दाद लागली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. वकिलाच्या खर्चाला भिऊन कोणी गप्प बसू नये : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.