नकाशातली पांढरी जागा

डहाणू आणि तलासरी ही दोन गावं एका नकाशात मावत नाहीत. डहाणू शहराच्या जरा वर २० अंश अक्षांशाची रेघ जाते, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा तिथेच तुटतो. डहाणू ४७-ए मध्ये, तलासरी ४६-डी मध्ये. रविवारी दोन्ही शीट ओटीवर शेजारी शेजारी लावून बसलो. घरचे म्हणाले, बाजार कधी आणणार?

तपकिरी रेघा म्हणजे उंची. किनाऱ्याकडे त्या विरळ, महालक्ष्मीच्या सुळक्याभोवती एकमेकींना चिकटलेल्या. पिवळा रंग शेतीचा, हिरवा जंगलाचा. काळी रेघ दिसली तर समजायचं की ओहोळ पावसाळ्यानंतर कोरडा. आणि पांढरा? पांढरा म्हणजे लागवड नाही. बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही.

आपल्याकडे त्या उतारांना वरकस म्हणतात. तिथे गवत होतं. ते कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचं, सावकार-जमीनदार गब्बर झाले ते भाताइतकेच या गवतावर. कापणारा वारली मात्र वेठीला.

मे १९४५ मध्ये झरीला हजारो वारली जमले, वेठ बंद म्हणून. पावसाळ्यानंतर मागणी आली ती गवताची: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेचा हा संप. ११ ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. लाल बावटा इथे रुजला तो असा. भाषणात आपण जमीन-जंगल म्हणतो, गवताचं नाव कुणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

पुढे मुंबईचे तबेले हलवायचे ठरले तेव्हा सरकारची नजर याच माळावर गेली. दापचरीचा दुग्ध प्रकल्प आला, त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. आज तिथले पडके गोठे हायवेवरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतील? आता बुलेट ट्रेन आणि वडोदरा एक्सप्रेस वेही याच दोन तालुक्यांतून. कागदावर 'पडीक' लिहिलं की मोबदल्याचं गणितच बदलतं.

ही शीट आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर फुकट मिळतात. आपल्या पाड्याचं शीट काढा आणि पांढऱ्या जागेवर पेन्सिलीने लिहा: कुणाची गुरं चरतात, कोण गवत कापतं, वाट कुठून जाते. ग्रामसभेला जाताना तो कागद सोबत ठेवा. मी माझी दोन्ही घेऊन पुढच्या आठवड्यात झरीला जातोय. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचंय, गवत नेमकं कुठल्या उतारावर कापायचे.