टेकड्या छोट्या, पण फौज फोडली: जालना ते असई

आजचा भाग जरा उन्हातला आहे. बाटली भरून घ्या, मग ऐका.

"जालन्यात डोंगर? कुठंयत?" पुण्यातले मित्र हे हमखास विचारतात. त्यांचं चुकत नाही. सह्याद्रीसारखे कडे, धबधबे आपल्याकडे नाहीत. मोसंबीच्या बागा, स्टीलच्या भट्ट्या, बियाण्यांच्या कंपन्या, एवढीच आपली ओळख. पण जालन्याहून उत्तरेला राजूरकडे निघालात की सपाट माथ्याच्या टेकड्या लागतात. जुन्या गॅझेटियरमध्ये ही रांग 'जालना हिल्स' नावानं नोंदलेली आहे. दक्षिणेला पडलेलं पाणी दुधनेला मिळतं, उत्तरेला पडलेलं पूर्णेला. एकेक टेकडी तासाभरात चढून होते. आणि याच किरकोळ टेकड्यांमुळे १८०३ साली एक फौज दोन तुकड्यांत चालली, त्याची किंमत हजारो माणसांनी मोजली.

आधी तारखा पटापट सांगतो. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला कंपनीचा आर्थर वेलस्ली. वय ३४. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला. २ सप्टेंबरला त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सननं आपल्या जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला दोघे भेटले बदनापूरला. हो, आपलं रेल्वे स्टेशनवालं बदनापूर! शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदनला असल्याची खबर होती. मध्ये या टेकड्या. ठरलं असं की वेलस्ली पूर्वेच्या वाटेनं जाईल, स्टीव्हन्सन पश्चिमेच्या, आणि २४ तारखेला दोघं मिळून हल्ला करायचा.

आता मला हे कधीच नीट समजलं नव्हतं. टेकडीच तर आहे, एकत्र का नाही गेले? म्हणून मे महिन्यात आम्ही पाच जणांनी एक खेळ केला. पहाटे साडेपाचला निघालो. तिघं टेकड्यांवरून, दोघं पायथ्याच्या गाडीवाटेनं वळसा घालून. भेटायचं राजूरला, गणपतीच्या पायऱ्यांशी. अंगारकीला जालन्याहून लोक रात्रभर चालत राजूरला जातात, तेव्हा अंतराचं काही वाटत नव्हतं.

खालून बघितलं की एकच टेकडी दिसते. वर गेलं की पुढं दुसरी. ती उतरा, मध्ये कोरडा नाला, की तिसरी. पायाखाली मुरूम घसरतो, कुसळं मोज्यात शिरतात. सावली म्हणजे अधूनमधून एखादा निंब. साडेआठलाच ऊन डोक्यात जायला लागलं. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात मोबाइलची रेंज गेली आणि आमच्यातला एक वैतागला, "काय राव, ते दोघं पोचले का वाटेतच बसलेत, काहीच कळंना!" ते नऊलाच पोचून रसवंतीवर बसले होते. आम्ही पावणेअकराला पोचलो. गंमत अशी की पूर्ण वेळ आमच्यात आणि त्यांच्यात सरळ रेषेत फार अंतर नव्हतंच. फक्त मध्ये टेकडी होती.

ही पाच माणसं झाली. फौजेत तोफा असतात, तोफा ओढणारे बैल असतात, दारूगोळा, तंबू, धान्याच्या गोण्या घेऊन चालणारे बंजाऱ्यांचे तांडे असतात. तोफेचा गाडा टेकडी चढत नाही, तो खिंडीतूनच जातो. आणि अरुंद खिंडीत फौजेचं शेपूट इतकं लांबतं की पुढचा मुक्कामाला पोचला तरी मागचा हललेला नसतो. थॉमस मन्रोनं या वाटणीबद्दल शंका काढली, तेव्हा वेलस्लीनं पत्रात कारणं दिली. एक, दोन्ही फौजा एका दिवसात एकाच खिंडीतून जाऊ शकल्या नसत्या. दोन, एक वाट मोकळी सोडली असती तर आपण उत्तरेला जात असताना शत्रू त्या वाटेनं दक्षिणेला, निजामाच्या मुलखात उतरला असता. मला विचाराल तर दुसरं कारण दमदार आहे. पहिल्यावर उपाय होता, एक दिवस जास्त घ्यायचा. पण शिंदे निसटतील या धास्तीनं वेलस्लीला दम निघत नव्हता.

त्यात घोळ झाला नावाचा. हरकाऱ्यांनी सांगितलं 'भोकरदन'. त्यांच्या लेखी भोकरदन म्हणजे सगळा परगणा. आपण नाही का, गाव मंठ्याकडचं असलं तरी "मी जालन्याचा" म्हणतो? तसंच. २३ तारखेला वेलस्ली सुमारे २२ किलोमीटर चालून नळणीला आला, तेव्हा कळलं की छावणी भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरलीय आणि शत्रू अगदी जवळ आहे. स्टीव्हन्सन टेकड्यांच्या पलीकडं. वेलस्लीनं त्याची वाट न बघता दुपारी हल्ला केला.

केळणा नदी ओलांडायची कशी? वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. वेलस्लीला समोरासमोर दोन काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं ताडलं, इतकी जवळ गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणारच. निघाला!

पुढचे तीन तास भयंकर होते. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचं कवायती पायदळ उभं होतं, त्यांचा सेनापती पोलमन हा जर्मन. मराठी तोफांनी ७४ व्या हायलँडर पलटणीची अक्षरशः चाळण केली. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, संगिनी अंगात घुसेपर्यंत तोफेशी उभे राहिले. काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून पाठीमागून तोफा डागल्या. शिंदे आणि भोसले मात्र मैदानातून आधीच निघून गेले होते. हे लिहिलेलं वाचताना आजही राग येतो.

वेलस्लीचे ४२८ मेले, ११३८ जखमी. बरेचसे मद्रासचे देशी शिपाई, ज्यांची नावं सहसा कुठल्या पुस्तकात येत नाहीत. मराठ्यांचे सुमारे १२०० मैदानात पडले, ९८ तोफा गेल्या. आजही भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे, तो याच असईचा.

आणि स्टीव्हन्सन? तो पोचला २४ च्या संध्याकाळी, ठरल्या दिवशीच. पण लढाई संपून एक दिवस झाला होता. पाठलागाला ताजी फौज त्याचीच होती, तरी तो लगेच निघू शकला नाही. जखमी इतके होते की त्याच्या फौजेतले डॉक्टर तिथंच लागले. तो निघाला २६ ला. जखमींना नंतर उत्तरेला, अजिंठ्याला नेलं, तिथं त्यांच्यासाठी इस्पितळ उभारलं होतं.