धागा : टाके निघाल्यानंतरची वर्षे

(१/८) ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील रुग्णालयांतही आता वजन घटविण्याची, म्हणजेच बॅरिॲट्रिक, शस्त्रक्रिया होते. तिच्या जाहिरातीत बहुधा दोन छायाचित्रे असतात : आधीचे आणि नंतरचे. या धाग्यात त्या दुसऱ्या छायाचित्रापुढच्या वर्षांचा इतिहास.

(२/८) १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. अन्न शोषायला आतडेच अपुरे, त्यामुळे वजन झपाट्याने उतरे. पुढील दोन दशकांत हजारो लोकांनी ती करून घेतली. मग तेच रुग्ण परतू लागले : निकामी होत चाललेले यकृत, मूतखडे, सांधेदुखी, न थांबणारे जुलाब. कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ सोडून देण्यात आली. वजनकाट्याने तिला केव्हाच उत्तीर्ण केले होते.

(३/८) आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ पासून 'गॅस्ट्रिक बायपास' रूढ केली. पण त्यांचे मोठे काम बहुधा नोंदवहीचे मानावे लागेल : शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे काय होते, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवण्याचे. १९९१ च्या अमेरिकी तज्ज्ञ-परिषदेने आजन्म वैद्यकीय देखरेख आवश्यक ठरवली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या अभ्यासाने शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे दाखवले. लाभ सिद्ध झाला, तोही पाठपुराव्यामुळेच.

(४/८) आता मुंबईकडे. १९२८ नंतर लूसी विल्स यांनी येथील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. तो घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. तेथे उणीव दारिद्र्याची होती. बायपासनंतर भरल्या ताटावरही तशीच उणीव उद्भवू शकते.

(५/८) बी-१२ चे उदाहरण घ्या. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा कळते. शाकाहारी घरांत तो साठा मुळातच कमी असण्याचा संभव. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण. घरचे म्हणतात, वय झाले. उपचार लांबले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

(६/८) उलट थायमिनची तूट काही आठवड्यांतच घात करते. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, तर 'सवय होईल' म्हणून वाट पाहणे मेंदूला इजा करणारे ठरू शकते.

(७/८) २०१७ मध्ये इजिप्तमधील एका महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली. किती किलो घटले, हे देशभर रोज छापले जात होते. पुढे तिच्या प्रकृतीवरून नातेवाईक व डॉक्टर यांच्यात वाद झाला, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि २५ सप्टेंबरला तेथेच तिचे निधन झाले. तिचा आजार मुळातच गुंतागुंतीचा होता. एका शस्त्रक्रियेवर निवाडा देण्यास हे प्रकरण अपुरे आहे. मात्र तिला शस्त्रक्रियेनंतर किती दीर्घ शुश्रूषा लागणार, याची चर्चा किलोंच्या आकड्यांपुढे फिकी पडली.

(८/८) मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतलेला कल्याणचा रुग्ण पाच वर्षांनी गुडघा दुखला की लोकलने पुन्हा तेथवर जात नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. बायपास झाल्याचे त्यांना ठाऊक नसेल, तर डायक्लोफेनॅकसारखी साधी वेदनाशामक गोळीही जठराच्या जोडावर व्रण करू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे नेमके नाव लिहिलेला डिस्चार्जचा कागद जवळ हवा, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम व ड-जीवनसत्त्व यांची तपासणी दरवर्षी व्हायला हवी, वजन स्थिर असले तरीही.