धनादेश कोणाच्या नावे?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. तेथील सॅलपॉइंट या कॅथॉलिक माध्यमिक शाळेत १९८८ साली एक जन्मतः कर्णबधिर मुलगा दाखल झाला. त्यापूर्वी तो सरकारी शाळेत शिकत असे आणि तेथे वर्गात त्याच्यासोबत खूणभाषेचा एक दुभाषी असे. शिक्षक बोलत आणि दुभाषी तेच हातांनी सांगे. या दुभाष्याचा खर्च स्थानिक शिक्षणमंडळ करीत असे. मुलाने शाळा बदलली तरी दुभाषी मिळावा, अशी आईवडिलांनी विनंती केली आणि मंडळाने कायदेपंडितांचा सल्ला घेऊन ती नाकारली. कारण सॅलपॉइंटमध्ये भूमितीबरोबर धर्मशिक्षणही होते आणि प्रार्थनाही. भूमितीचा सिद्धांत सांगणारे हात सरकारी, तसे प्रार्थना सांगणारे हातही सरकारीच व्हावयाचे. हे राज्यघटनेस चालेल काय, असा प्रश्न उत्पन्न झाला. तो झोब्रेस्ट खटला या नावाने पाच वर्षे चालला.

भारतीय श्रोत्यास या प्रश्नाचे थोडे नवल वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून मिशनच्या व इतर खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळत आलेले आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने तर अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थांस डावलू नये असे बजावले आहे, आणि २८ व्या कलमाने अनुदानित शाळेत कोणावरही धर्मशिक्षणाची सक्ती होऊ नये एवढी मर्यादा घातली आहे. अमेरिकेची परंपरा निराळी. १७९१ मध्ये संमत झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्मसंस्थेची प्रतिष्ठापना करणारा कायदा करण्यास तेथील संसदेला मनाई केली. एकोणिसाव्या शतकात कॅथॉलिक स्थलांतरितांच्या शाळांवरून वाद पेटला, तेव्हा अनेक राज्यांनी आपापल्या घटनांत पंथीय शाळांना सरकारी पैसा न देण्याची अधिक कडक कलमे घातली. १९४७ मध्ये न्यू जर्सीतील पालकांना मुलांच्या बसभाड्याची भरपाई देणे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले खरे. परंतु तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. तो पैसा शाळेला न मिळता पालकांच्या हाती पडत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या वादात अपंग मुले ओढली गेली ती १९७५ नंतर. त्या वर्षी अमेरिकन संसदेने सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले असून त्यांपैकी दहा लाख सरकारी शिक्षणापासून पूर्णपणे वंचित आहेत, असे त्या कायद्यातच नमूद केले होते. कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला योग्य आणि विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. त्याच्यासाठी स्वतंत्र शिक्षण-आराखडा आखावयाचा, तो पाळावयाचा आणि पाळला नाही तर पालकांनी दाद मागावयाची, अशी ही व्यवस्था होती. तिचा भार मात्र सरकारी शाळांवर होता. आपल्या मुलाला आपल्या धर्माच्या वातावरणात वाढवू इच्छिणाऱ्या पालकाने काय करावे, याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यात नव्हते.

पहिले उत्तर एका दृष्टिहीन होत चाललेल्या विद्यार्थ्याच्या खटल्यात मिळाले. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात अंधांना व्यवसायशिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळत असे. डोळ्यांच्या वाढत्या विकाराने ग्रासलेल्या विटर्स नामक गृहस्थाने ते मागितले. त्याला धर्मोपदेशक व्हावयाचे होते आणि त्यासाठी तो स्पोकेन येथील एका ख्रिस्ती विद्यालयात शिकत होता. अंधकल्याण आयोगाने नकार दिला. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, असे साहाय्य पहिल्या घटनादुरुस्तीच्या आड येत नाही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांचा युक्तिवाद सरळ होता. साहाय्य विद्यार्थ्याला दिलेले आहे, ते कोठे खर्चावे हे तो ठरवितो, आणि ते धर्मसंस्थेकडे पोचले तर ते त्याच्या स्वतंत्र निवडीमुळे पोचते, राज्याच्या इच्छेने नव्हे. विटर्सच्या पदरात मात्र काही पडले नाही. प्रकरण परत त्याच्या राज्यात गेले आणि १९८९ मध्ये तेथील न्यायालयाने राज्याच्या अधिक कडक घटनेकडे बोट दाखवून त्याला पुन्हा रिक्तहस्ते परत पाठविले. ज्याच्या खटल्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली, त्याला त्या इमारतीत आसरा मिळाला नाही!

सॅलपॉइंटच्या मुलाचा निकाल १९९३ च्या जूनमध्ये लागला. सरन्यायाधीश रेंक्विस्ट यांनी बहुमताच्या निर्णयात म्हटले की, दुभाषी हा शिक्षक नव्हे. वर्गात जे बोलले जाईल ते जसेच्या तसे पोचविणे एवढेच त्याचे काम. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना हे पटले नाही. ज्या शाळेत धर्म आणि विद्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत, तेथे सरकारी दुभाषी हा धर्मसंदेशाचाच वाहक ठरतो, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते; मते पाच विरुद्ध चार पडली. निकाल लागेपर्यंत मुलगा सॅलपॉइंटमधील शिक्षण पुरे करून बाहेर पडला होता आणि दुभाष्याचा खर्च त्याच्या आईवडिलांनी सोसला होता. न्याय मिळाला तो भरपाईच्या रूपाने.

पुढच्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातील किर्यास जोएल या गावाच्या प्रकरणाने मर्यादेची दुसरी बाजू दिसून आली. हे गाव सात्मार पंथाच्या यिद्दिशभाषी ज्यूंचे. त्यांच्या अपंग मुलांना परक्या वातावरणातील सरकारी शाळांत जाणे असह्य होई, म्हणून १९८९ मध्ये राज्याने त्या गावापुरते स्वतंत्र शिक्षणमंडळ निर्माण केले. १९९४ मध्ये न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. एका पंथासाठी सत्तेचे केंद्र निर्माण करणे वेगळे आणि एका मुलाला साहाय्य देणे वेगळे.

या दोन निकालांतून राज्यांनी घ्यावयाचा तो बोध घेतला: पैसा शाळेला नको, मुलाला द्यावा. फ्लॉरिडा राज्याने १९९९ मध्ये सारासोटा परगण्यात अपंग विद्यार्थ्यांसाठी एक प्रायोगिक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचे पुरस्कर्ते सेनेटर जॉन मॅकॅय यांच्या स्वतःच्या कन्येला शिकण्यात अडचणी होत्या. पुढे योजनेला त्यांचेच नाव मिळाले. पहिल्या वर्षी तिचा लाभ अवघ्या दोन मुलांनी घेतला. २००० पासून ती राज्यभर लागू झाली आणि वीस वर्षांत संख्या तीस हजारांच्या घरात गेली. सरकारी शाळेत त्या मुलावर जो खर्च झाला असता तो, किंवा खाजगी शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळावयाची. शाळा पंथीय असली तरी अडचण नाही. रक्कम देण्याची रीत विशेष लक्षणीय होती. धनादेश पालकाच्या नावे काढावयाचा, पण पाठवावयाचा शाळेच्या पत्त्यावर. पालकाने तेथे जाऊन त्याच्या पाठीवर सही करून तो त्या शाळेच्याच स्वाधीन करावयाचा. पालकाच्या हाती तो सहीपुरताच येई; पण त्या सहीमुळे तो पैसा राज्याने शाळेला दिलेला न ठरता पालकाने दिलेला ठरत असे.

ॲरिझोनातील न्यायालयाला एवढी सही पुरेशी वाटली नाही. तेथे अपंग मुलांसाठी अशीच योजना २००६ मध्ये आली. पालकाला सही करून देण्यावाचून दुसरा पर्याय नाही, म्हणजे हा शाळेलाच दिलेला पैसा, असे म्हणून २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. विधिमंडळाने २०११ मध्ये तिचे रूप पालटले. पालकाच्या नावे खाते उघडावयाचे आणि त्यातून फी, उपचार, पुस्तके, खाजगी शिकवणी यांपैकी हवा तो खर्च करू द्यावयाचा. या रूपाला २०१३ मध्ये तेथील अपील न्यायालयाची मान्यता मिळाली. अपंग मुलांसाठी उघडलेले हे दार २०२२ मध्ये त्या राज्यातील सर्वच मुलांना मोकळे करण्यात आले. ज्या मागणीला सरळ मार्गाने संमती मिळाली नसती, ती दुर्बळांचे बोट धरून आत आली, असे टीकाकार म्हणतात. आणि ते अगदीच निराधार नाही.

पण पालकांच्या दृष्टीने खरा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे. लहान वर्ग, ओळखीची माणसे आणि मुलाची हेटाळणी न करणारे वातावरण या शाळांत अनेक पालकांना लाभले, हे नाकारता येत नाही. मात्र शिष्यवृत्ती घेऊन मूल खाजगी शाळेत गेले की १९७५ च्या कायद्याने दिलेला त्याचा व्यक्तिगत हक्क त्याच्यासोबत जात नाही. आराखडा आखण्याचे किंवा पाळण्याचे बंधन त्या शाळेवर राहत नाही. वाचाउपचारतज्ज्ञ ठेवावयाचा की नाही, हे ती ठरविते. १९९० च्या अपंगांविरुद्धच्या भेदभावास बंदी करणाऱ्या कायद्यातूनही धार्मिक संस्थांच्या शाळांना सूट आहे. त्यामुळे केवळ त्या कायद्याच्या आधारे प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला जाब विचारता येत नाही. जो हक्क होता, त्याच्या जागी करार आला. आणि हा अदलाबदल पालकांना समजावून सांगितला जातोच असे नाही. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये असे दाखवून दिले की, केवळ अपंगांसाठी असलेल्या अशा योजनांतील १०० पैकी ८३ विद्यार्थी ज्या योजनांत होते, त्यांनी हक्कांतील या बदलाविषयी पालकांना एकतर काहीच सांगितले नव्हते किंवा जे सांगितले होते त्यात चुका होत्या.

फ्लॉरिडाची मॅकॅय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये दुसऱ्या, अधिक व्यापक योजनेत विलीन झाली. ती चालू होती त्या काळात मुलाला सरकारी शाळेत परत आणण्याची मुभा पालकांना होती. परत आले की १९७५ चा कायदा त्या मुलाला पुन्हा लागू होई आणि शाळेला त्याचा आराखडा आखावा लागे. त्यासाठी पालकांना शिष्यवृत्ती सोडावी लागे.