सुमात्रातला किल्ला आणि आईबाबांची ट्रॅव्हल पॉलिसी

आयटीवाल्यांच्या कॅन्टीनमध्ये दर उन्हाळ्यात एक चर्चा हमखास रंगते. कोणाचे तरी आईबाबा अमेरिकेला निघालेले असतात, व्हिसा हातात असतो आणि गाडी अडलेली असते ती ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या फॉर्मवर. "बाबांची शुगर लिहायची का रे?" मग कोणीतरी अनुभवी सल्ला देतो, "कशाला? उगाच प्रीमियम वाढेल."

या सल्ल्यावरचा निकाल अडीचशे वर्षांपूर्वीच लागलाय. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात सोप्या केसने करू. १८४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेल्वेच्या तिकिटाबरोबर अपघात विमा मिळू लागला. पहिल्या वर्गाला तीन पेन्समध्ये हजार पौंडांचा, तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे पौंडांचा. मुदत? तो एक प्रवास. तब्येतीची चौकशी नाही, कारण अपघात गाडीत बसल्यावरच होणार. मुदत ठरली की काम संपलं.

आजाराचं तसं नाही ना! छातीत कळ विमानतळावर येते, पण तिचं मूळ दहा वर्षं जुनं असू शकतं. म्हणून मुदतीच्या आधी काय होतं आणि ते कोणाला माहीत होतं, हा प्रश्न येतोच.

हा प्रश्न कोर्टात गाजला तो मात्र एका किल्ल्यामुळे. सुमात्रा बेटावर बेन्कुलेनला ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. तिथला गव्हर्नर जॉर्ज कार्टर. परकीय शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी, असा विमा त्याच्या भावाने लंडनमध्ये उतरवला. मुदत १६ ऑक्टोबर १७५९ ते १६ ऑक्टोबर १७६०. आता गंमत बघा. पॉलिसीवर सही झाली मे १७६० मध्ये आणि फ्रेंचांचा हल्ला झाला होता एप्रिलमध्येच! बातमी जहाजाने यायची, त्यामुळे लंडनमध्ये कोणालाच पत्ता नव्हता.

विमा देणारा बोएम म्हणाला, किल्ला कमकुवत आहे आणि फ्रेंच येऊ शकतात हे कार्टरने लपवलं, पैसे देणार नाही. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितलं. जी महत्त्वाची गोष्ट फक्त तुम्हाला ठाऊक आहे ती दडवलीत, तर करार रद्द. पण प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा. समोरच्याला जे माहीत आहे किंवा असायला हवं, ते सांगायची सक्ती नाही. किल्ल्याची चौकशी करणं बोएमला शक्य होतं. ती न करता प्रीमियम घेतला आणि नुकसान झाल्यावर तक्रार? चालणार नाही. कार्टर जिंकला.

आता आपल्याकडे या. २००९ मध्ये एक भारतीय प्रवासी ओव्हरसीज मेडिक्लेम घेऊन अमेरिकेला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्रास सुरू झाला, हॉस्पिटलमध्ये तीन स्टेंट पडले. कंपनीने क्लेम नाकारला: आजार जुना, शिवाय कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या नाहीत. ग्राहक आयोगातही तो हरला. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. का? कारण त्याने मधुमेह लिहिला होता. तो माहीत असूनही कंपनीने पॉलिसी दिली होती, मग नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवता येत नाही.

म्हणजे प्रीमियमचे चार पैसे वाचवायला ती एक ओळ गाळली असती, तर बारा वर्षांनी जिंकायला हातात काहीच नव्हतं!

अर्थात, शुगर लिहिली म्हणजे सगळं कव्हर झालं असं नाही. अनेक पॉलिसींत जुना आजार सरळ वगळलेला असतो किंवा फक्त जिवावर बेतलं तरच थोडी रक्कम मिळते. तो क्लॉज आधी वाचा.

आणि तारखा! नातवंडासाठी आईबाबांचा मुक्काम वाढला, तर पॉलिसी संपायच्या आत मुदतवाढ मागा. संपल्यावर नवी घेतलीत तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पहिल्या पॉलिसीत सुरू झालेलं दुखणं दुसरीच्या दृष्टीने बहुधा 'जुनं'च ठरतं.

तेव्हा बाबांची शुगर लिहायची. बीपी पण लिहायचं. गोळ्यांची नावंसुद्धा, आणि सही करण्याआधी भरलेल्या फॉर्मची एक कॉपी स्वतःकडे ठेवायची.