महाराष्ट्रातील ॲनिमेशनच्या शैली आणि दृक्‌श्राव्य आशयातील त्यांचे मूल्य : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासाचा विचार करताना ॲनिमेशनला, म्हणजेच सचेतनपटाला, बालरंजनाच्या कप्प्यात टाकून पुढे जाण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक महाराष्ट्रात चित्रपटकलेचा आरंभ ज्या पहिल्या प्रयोगापासून सांगितला जातो, तो प्रयोगच या तंत्राच्या अगदी जवळचा होता. 2020 च्या टाळेबंदीपासून ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही आपापल्या विषयाच्या चित्रफिती तयार कराव्या लागल्या. त्यामुळे कोणत्या आशयाला कोणती शैली साजते, हा प्रश्न आता केवळ चित्रपटसृष्टीचा राहिलेला नाही. शैलीची निवड विषयाच्या गरजेतून झाली तेव्हा तुटपुंज्या साधनांतूनही टिकाऊ काम उभे राहिले, असे या इतिहासावरून दिसते. प्रस्तुत निबंधात त्याच दृष्टीने काही निवडक टप्प्यांचे विवेचन केले आहे.

प्रारंभी एक हिशेब ध्यानात घेणे आवश्यक आहे. बोलपटात दर सेकंदाला 24 चौकटी पडद्यावरून सरकतात. म्हणजे दहा मिनिटांच्या पटासाठी 14,400 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी 7,200 चित्रे काढावी लागतात. ॲनिमेशनच्या बहुतेक शैली या आकड्याशी केलेल्या तडजोडीतून जन्मास आल्या आहेत. पूर्ण ॲनिमेशनमध्ये हा खर्च सोसला जातो. मर्यादित ॲनिमेशनमध्ये पात्राचे धड स्थिर ठेवून केवळ हात, ओठ किंवा डोळे हलविले जातात. कागदी कातरकामात एकच आकृती सांध्यांवर फिरविली जाते, तर वस्तू-ॲनिमेशनमध्ये चित्र काढण्याचेच काम उरत नाही.

पडद्यापूर्वीची परंपरा

आपल्याच गोदाकाठी असलेल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी परंपरा येथे प्रथम आठवते. कथेकरी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरी आणि कथा गाऊन सांगे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीबरोबरच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही जतन केला आहे. चित्रकथीतील चित्र हलत नाही, हालचाल कथेकऱ्याच्या आवाजात आणि चित्र बदलण्याच्या लयीत असते. पुढील काळातील एका संपूर्ण शैलीचे बीज येथे आहे.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास सुरू केलेली ‘शांबरिक खरोलिका’ ही त्यापुढची पायरी होय. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून आणि एकामागून एक काच बदलून ते हालचालीचा भास निर्माण करीत. ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्र मुंबईत जुलै 1896 मध्ये अवतरले. त्याआधीच कल्याणात पौराणिक पात्रे पडद्यावर हालचाल करू लागली होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा आढळत नाही.

फाळके : वाटाण्याचा अंकुर आणि आगकाड्या

दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी रोवून त्यांनी ठरावीक अंतराने चौकटी टिपल्या. अनेक दिवसांची वाढ मिनिटाभरात पडद्यावर दिसली. हाच ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट. तो त्यांनी भांडवल मिळविण्यासाठी दाखविला आणि त्याच्या बळावर त्यांना कर्ज मिळाले.

काटेकोरपणे पाहता हे कालसंक्षेपाचे छायाचित्रण आहे. येथे वस्तू कोणी हलवीत नाही, ती स्वतःच वाढते. परंतु एक चौकट, मग खंड, मग पुढची चौकट, ही पद्धत ॲनिमेशनचीच आहे. विशेष म्हणजे फाळक्यांनी पहिल्या प्रात्यक्षिकासाठी नाट्यप्रसंग न निवडता मानवी डोळ्यास कधीही न दिसणारी एक प्रक्रिया निवडली. सावकारापुढे ठेवण्यास एखादी नक्कल किंवा मिरवणूकही चालली असती. डोळा जे पाहू शकत नाही ते दाखवू शकणे, हे या माध्यमाचे सामर्थ्य असल्याचे त्यांनी नेमके ओळखले होते. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई यांचे शिक्षण घेतलेल्या माणसास ही जाण असणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भांडवल आटले, तेव्हा फाळके पुन्हा याच तंत्राकडे वळले. 1915 चा ‘आगकाड्यांची मौज’ आणि नाण्यांचा खेळ दाखविणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ हे त्यांचे लघुपट वस्तू-ॲनिमेशनचे आहेत. काडी थोडी सरकवायची, चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. नटसंच नाही, पोशाख नाहीत, देखावे नाहीत. खर्च केवळ फिल्मचा आणि चिकाटीचा. टंचाईमुळे शैली निवडली गेली हे खरे, तथापि ती निवड कल्पकही होती. आगकाडी ही घरोघरी असलेली वस्तू, आणि तीच हलू लागली की विस्मय दुणावतो. (सुमारे नऊ दशकांनी, 2006 मध्ये, मुंबईच्याच जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट कान महोत्सवात गाजला. त्यातील एकाकी वृद्धा काडेपेट्यांवरील चित्रांच्या जगात शिरते. हा योगायोग असला तरी मनोज्ञ आहे.)

‘जंबूकाका’

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यानंतर 1934 मध्ये तिने ‘जंबूकाका’ हा व्यंगपट सादर केला. त्याची चित्रे रघुनाथ केळकर यांची होती. संस्कृतात जंबूक म्हणजे कोल्हा, तेव्हा नावातूनच पात्र कळते. अमेरिकन व्यंगपटांची त्या काळी चलती होती आणि त्यांना मराठी उत्तर देण्याची ही उमेद होती. पण तिच्यातून परंपरा उभी राहिली नाही. कारण उपर्युक्त हिशेबात आहे. काही मिनिटांच्या करमणुकीसाठी हजारो चित्रे काढावी लागत, आणि त्या लघुपटासाठी प्रेक्षक वेगळे तिकीट काढत नसे. जेथे शैलीचा खर्च आशयाच्या मोबदल्याशी जुळत नाही, तेथे कौशल्य असूनही काम थांबते.

फिल्म्स डिव्हिजन : डिस्ने पद्धत आणि तिच्यापासून फारकत

केंद्र सरकारने 1948 मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या आणि अलीकडे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने 1956 मध्ये व्यंगपट विभाग सुरू केला. अमेरिकन तांत्रिक साहाय्याखाली डिस्ने संस्थेतील चित्रकार क्लेअर वीक्स येथे आले. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन आदी तरुणांनी पूर्ण ॲनिमेशनचे धडे गिरविले आणि जातककथेवरील ‘द बन्यन डिअर’ हा पट 1957 मध्ये तयार झाला. त्याच्या चित्रणात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आदर्श समोर होता. मराठवाड्यातील लेण्यांची धीरगंभीर रेषा आणि डिस्नेची लवचीक, उसळती हालचाल यांचा मेळ घालणे हे सोपे काम नव्हते.

याच सुमारास त्याच संस्थेत जहांगीर भावनगरी यांनी ‘राधा अँड कृष्ण’ मध्ये निराळा मार्ग चोखाळला. त्यांनी पहाडी लघुचित्रे न हलविता त्यांच्यावरून कॅमेरा फिरविला. चित्र आहे तसेच राहते, दृष्टी आणि संगीत मात्र हलते. चित्रकथीकार याहून वेगळे काय करीत होता? प्रस्तुत लेखकास ही शैली भारतीय चित्रपरंपरेस अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती मूळ कलाकृतीवर उसनी हालचाल लादत नाही.

पुढे सरकारी आशयाची निकड वाढली. मिनू मसानी यांच्या पुस्तकावर आधारित ‘धिस अवर इंडिया’ (1961) मध्ये लोकसंख्या, शेती, उत्पादन यांचे आकडे चित्ररूप झाले. अशा विषयास डिस्नेची मुलायम हालचाल अनावश्यक होती. सपाट रंग, मोजकी रेषा आणि नर्म विनोद पुरेसा होता. राम मोहन यांच्या ‘होमो सॅप्स’ (1967) मधून या मर्यादित शैलीची प्रौढ अभिव्यक्ती दिसते. ज्यांनी डिस्नेची पद्धत हातात मुरविली होती त्यांनीच ती बाजूस ठेवली, हे विशेष. प्रमोद पती यांनी तर ‘आबिद’ (1972) मध्ये चित्रकार आबिद सुरती यांनाच चौकटीचौकटीने हलविले. कॅनडात नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी 1952 मध्ये ‘नेबर्स’ या पटात याच जिवंत माणसांच्या ॲनिमेशनचा वापर युद्धविरोधी आशयासाठी केला होता.

त्या काळात चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी अनुबोधपट दाखविणे बंधनकारक होते. त्यामुळे हे प्रयोग तालुक्याच्या गावापर्यंतही पोहोचले. नंतरच्या अनेक चांगल्या पटांना हा प्रेक्षक लाभला नाही.

‘एक अनेक’ आणि मीना

विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ (1974) हा या इतिहासातील सर्वाधिक लक्षात राहिलेला पट ठरावा. त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांचे होते. रेषा सोपी, हालचाल थोडी, कथा एका गाण्याएवढी. तरीही दूरदर्शनच्या पिढ्यांना तो आजही स्मरतो. यातील चित्रे गीताच्या बोलांबरोबर चालतात आणि ‘अनेक’ व ‘एक’ ही अमूर्त कल्पना मुलास डोळ्यांनी मोजता येते. येथे शैली स्वतः अर्थ सांगते.

युनिसेफसाठी राम मोहन यांच्या सहभागाने 1990 च्या दशकात साकारलेल्या ‘मीना’ मालिकेतही हाच विवेक आढळतो. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि पाकिस्तान येथील खेड्यांतून रेखाटने स्त्रिया व मुलांना दाखवून, त्यांच्या प्रतिक्रिया अजमावून मीनाचा चेहरा आणि पेहराव ठरविण्यात आला. छायाचित्रित चित्रपटातील मुलगी कोणत्यातरी एका प्रांताची दिसली असती. रेखाटलेली मीना चारही देशांची झाली.

2005 च्या व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ ने पूर्ण लांबीच्या सचेतनपटासही भारतात प्रेक्षक आहे हे दाखवून दिले. त्यानंतरचा त्रिमितीय तंत्राचा विस्तार सर्वपरिचित आहे आणि येथे त्याच्या तपशिलात शिरण्याचे प्रयोजन नाही.

वर्गातील चित्रफीत आणि शैलीचा प्रश्न

आता प्राध्यापकांच्या चित्रफितींकडे वळावयाचे. बार्बरा ट्व्हर्स्की आणि सहकारी यांनी 2002 मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी करून असे दाखविले की, समान माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांपेक्षा हलते चित्र अधिक शिकविते असा पुरावा फारसा मिळत नाही. हलते चित्र बरेचदा इतक्या वेगाने सरकते की त्यातील आवश्यक ते डोळ्यांना पकडताच येत नाही. हा निष्कर्ष वाचल्यावर ‘राधा अँड कृष्ण’ ची स्थिर चित्रे आणि ‘एक अनेक’ ची कमी हालचाल यांकडे काटकसर म्हणून पाहणे कठीण होते.

मानवत परिसरातील एक उदाहरण घेऊ. हा भाग कापसाचा, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील बीटी कापसाची दाणादाण उडविली. या किडीची अडचण अशी की अंड्यातून बाहेर पडलेली अळी लवकरच पात्यात किंवा बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. शेतकऱ्याचा मुलगा वर्गात बसला आहे आणि त्यास बोंडाच्या आत काय चालले आहे हे दाखवावयाचे आहे. येथे कॅमेऱ्यापेक्षा उभा छेद दाखविणारे साधे कागदी कातरकाम अधिक उपयोगी पडते. एक बोंड, त्याचे उघडणारे झाकण, आतील सरकी आणि सरकणारी अळी, इतके पुरे. डोमकळी उमलते कशी आणि साधे फूल उमलते कसे, हा फरक मात्र फाळक्यांच्या पद्धतीनेच, कॅमेरा झाडासमोर रोवून टिपावा. तेथे चित्र काढले तर विश्वास बसणार नाही. कामगंध सापळ्यात अडकणाऱ्या पतंगांची वाढती संख्या दाखविण्यास ‘धिस अवर इंडिया’ चे चित्ररूप आकडे योग्य ठरतात.

यात एक धोकाही आहे. तयार विकत मिळणाऱ्या झगझगीत त्रिमितीय चित्रफितीत ही अळी नावाप्रमाणे पहिल्यापासून गुलाबी रंगविली जाण्याचा संभव असतो, कारण तशी ती ओळखू येते. प्रत्यक्षात लहान अळी पांढुरकी असते आणि वाढ झाल्यावर गुलाबी होते. जो विद्यार्थी बोंड फोडून गुलाबी रंगच शोधील, त्यास सुरुवातीची अळी दिसूनही ओळखता येणार नाही, आणि तोवर फवारणीची वेळ टळलेली असेल. चित्र जितके सफाईदार, तितकी त्यातील चूक पटकन खरी वाटते. हाताने कातरलेल्या कागदी अळीला मात्र रंग देताना प्राध्यापकास स्वतःच थांबून विचारावे लागते की या अवस्थेत तिचा रंग कोणता असतो.