फोटोमागची नावे

परवा मुलुंडला एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. हॉलमध्ये तीन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले आणि बाहेर वरातीवर घिरट्या घालणारा ड्रोन, असा सगळा थाट होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नवरीची आजी बसली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "अहो, घरच्यांचा एक फोटो कधी काढणार हो?" मी जाऊन एका तरुण फोटोग्राफरला विचारले. तो नम्रपणे म्हणाला, "अंकल, फॅमिलीचे फोटो लिस्टमध्ये शेवटी आहेत." ते शेवटी निघालेही, पण तोवर दुपारचे तीन वाजले होते आणि गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून आजीला कोणीतरी घरी सोडून आले होते. त्या लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो निघाले असतील. आजी असलेला घरच्यांचा फोटो मात्र निघाला नाही.

श्रोतेहो, मला ही गोष्ट जरा जास्तच लागली. त्याचे कारण, एकेकाळी मीही या धंद्यात होतो. १९८८ साली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, घाटकोपर पश्चिमेला जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या एल.बी.एस. मार्गाच्या, एका गल्लीतल्या छोट्या स्टुडिओत मी लाइट धरायचे काम करत असे. एका लग्नाचे पंचवीस रुपये आणि पंगतीत जेवण. स्टुडिओच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. पण उस्तादांकडे येण्याआधी थोडे मागे जाऊ या.

फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला तो १८३९ साली. मुंबईने ही कला फार लवकर उचलली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी फोटोग्राफर. याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत एक ग्रंथ काढला. त्यात मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे होती. माणसांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागे मुंबईचा देखावा जोडायचा, अशी त्याची युक्ती. आज तो ग्रंथ मोलाचा मानला जातो. पण त्यात एक उणीव आहे. चित्राखाली जातीचे किंवा धंद्याचे नाव आहे, पण त्या माणसाला घरी काय हाक मारत, हे मात्र आपल्याला कळत नाही. माणूस तिथे नमुना म्हणून उभा आहे.

घरातल्या लग्नाचा फोटो याच्या अगदी उलट. तिथे जात लिहिलेली नसते, पण प्रत्येक माणसाला नाव असते, नाते असते. हा मोठा मामा, ही धाकटी आत्या, हा रुसून बसलेला आतेभाऊ. सामान्य माणसाचा इतिहास कुठे असेल तर तो इथे.

अर्थात हा फोटो सामान्य घरात यायला बराच काळ जावा लागला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला, पण अशा ठिकाणी जाणारे लोक म्हणजे संस्थानिक, साहेब आणि शेटिये. पुढे मध्यमवर्गही स्टुडिओत जाऊ लागला. लग्न झाल्यावर आठ-दहा दिवसांनी नवे जोडपे स्टुडिओत जाई. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. तोच त्यांचा लग्नाचा फोटो. लग्नघरातले बाकीचे कोणी त्यात नसे. शिवाय फोटो काढल्याने आयुष्य घटते, ही भीती होतीच. आमच्याकडे मुसलमानांत आणखी एक प्रश्न होता, तसबीर जायज आहे का? उलेमांमध्ये यावर एकमत नव्हते. कोणी म्हणे, हे चित्र काढण्यासारखेच आहे, म्हणून नको. कोणी म्हणे, हे आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहे, चालेल. माझे अब्बा पहिल्या मताचे.

कॅमेरा मांडवात येण्याची आणि आपली उपनगरे भरत जाण्याची वेळ साधारण एकच. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत गेली. १९५७ साली मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून आलेली माणसे, गिरगाव-परळच्या खोल्यांत न मावलेली कुटुंबे अंधेरी, घाटकोपर, भांडुपकडे सरकली. पन्नास मैलांत न दिसणारी विविधता एका गल्लीत आली. गावाकडे लग्नाला अख्खे गाव साक्षीला असते. इथे शेजारीही नवे. मग साक्षीला कोण? कॅमेरा. गावी राहिलेल्या आजोबांना पोस्टाने पाठवायला, मुलगी सुखात पडली हे दाखवायला फोटो हवा झाला. गल्लोगल्ली स्टुडिओ निघाले. पडद्यावर ताजमहाल, काचेच्या कपाटात पावडर आणि फणी, आणि नाक्यावरच्या सगळ्या लग्नांचे ऋतुमान ठाऊक असलेला एक फोटोग्राफर.

आमचे उस्ताद तसे होते. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्याकडे एक जुना याशिका होता, वरून खाली वाकून बघायचा, बारा फोटोंच्या रोलचा. मी गेलो तेव्हा रंगीत छत्तीस फोटोंचा रोल आला होता. पण उस्तादांची सवय बाराचीच. म्हणत, "मियाँ, फिल्म अल्लाने फुकट दिलेली नाही. आधी माणूस बघ, मग बटण दाब."

लग्नघरात शिरल्यावर त्यांचे पहिले काम कॅमेरा काढणे हे नसे. ते म्हणत, "आत्या शोध." प्रत्येक लग्नात अशी एक बाई असतेच, जिच्या कमरेला किल्ल्या असतात आणि जिला कोण कोणाचे आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळे माहीत असते. उस्ताद तिच्याकडून माणसे समजून घेत. गौरीहर पुजायला बसलेल्या नवरीचा फोटो ते दारातूनच घेत, आत गर्दी करत नसत. मंगलाष्टके सुरू झाली की ते भटजींच्या मागे स्टुलावर उभे राहत आणि कानाने मोजत. शेवटची एक-दोन राहिली की नवा रोल घालून तयार. कारण अंतरपाट एकदाच दूर होतो. अक्षता एकदाच पडतात. फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागत, त्याची बारीक शीळ ऐकू येई, तेवढ्यात क्षण निसटला की निसटला. एका मुसलमान फोटोग्राफरला मंगलाष्टके पाठ होती, याचे तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. तो त्याच्या कामाचा भाग होता.

निकाहचे गणित वेगळे. नवरा एकीकडे, नवरी दुसरीकडे. वकील आणि साक्षीदार तिची कबुली घेऊन येतात, काझी खुतबा पढतो, खजूर वाटला जातो. दोघांचा एकत्र क्षण असा नाहीच. बायकांच्या भागात उस्ताद जात नसत. तिथे त्यांच्या बेगम आग्फाचा क्लिक थ्री घेऊन जात आणि अंगणातल्या उजेडात मोजके फोटो काढत. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला होता, तिथे फोटो काढणारी बाईच होती, हे मी पुढे वाचले तेव्हा मला या बेगमच आठवल्या. पहिल्या भारतीय स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. गल्लीतल्या अशा बायकांची नावे मात्र कोणत्याही पुस्तकात नाहीत.

आणि सर्वांत कठीण काम म्हणजे ग्रुप फोटो. हल्ली त्याला जुनाट म्हणतात. पण घराचा खरा नकाशा त्यातच उमटतो. खुर्चीवर कोण बसते, मागे कोण उभे राहते, कोणाला बोलवायला कोणी जात नाही, सगळे तिथे दिसते. विधवा आजी, काकू हटकून मागे राहत. "मी कशाला मधे?" म्हणत. उस्ताद कॅमेऱ्यावरून मान वर काढून सांगत, "आजी, तुम्ही मध्ये बसा. तुमच्याशिवाय माझा फोटो हलतो." लोक हसत, पण आजी येऊन बसत. समाजसुधारणेवर उस्तादांनी कधी भाषण केले नाही. त्यांच्या फोटोंत मात्र आजी कायम मधल्या खुर्चीवर.

या फोटोंचे मोल किती असते, ते मला १९९६ साली कळले. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, पण संध्याकाळी स्टुडिओत जाऊन बसत असे. भांडुपहून एक बाई आली. कडेवर मूल. नवऱ्याने दुसरा घरोबा केला होता आणि आता हिच्याशी लग्नच झाले नाही म्हणत होता. पोटगीचा दावा कोर्टात होता. अल्बम सासरी राहिलेला, लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. सर्व धर्मांतल्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते २००६ साली. तोपर्यंत आपल्या कितीतरी लेकीबाळींकडे अक्षतांशिवाय पुरावा नव्हता.

जुन्या निगेटिव्ह चांदीसाठी विकत घेणारे भंगारवाले त्या काळी फिरत. फिल्मवर चांदीचा थर असतो, तो काढून ते विकत. बरेच स्टुडिओवाले निगेटिव्ह किलोवर विकून टाकत. उस्तादांनी विकल्या नव्हत्या. पाकिटावर तारीख आणि आडनाव लिहून सगळ्या ठेवल्या होत्या. दोन संध्याकाळ आम्ही खोकी उपसली. पाकीट सापडले. सप्तपदी, कन्यादान आणि घरच्यांचा ग्रुप, त्यात नवऱ्याची आई, भाऊ, सगळे हजर. उस्तादांनी प्रिंट काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तीन महिन्यांनी ती बाई पेढे घेऊन आली. कोर्टात काय झाले ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. पेढे खाल्ले.

तीच खोकी पुढे कुर्ल्याच्या एका तळमजल्यावरच्या खोलीत ठेवली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. निगेटिव्हवरचा थर फुगून सगळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यात शेकडो लग्ने होती. उस्ताद बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले, मग म्हणाले, "चल, चहा घेऊ." त्यानंतर त्यांनी स्टुडिओ चालवला, पण मन उडाले होते. तोवर डिजिटल कॅमेराही आला होता. कोडॅकसारख्या कंपनीने २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली, तिथे गल्लीतल्या स्टुडिओची काय कथा? आज तिथे मोबाइलचे दुकान आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. अम्मी १९९३ साली गेली. शेकडो लग्नांत लाइट धरलेल्या माझ्याकडे स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता. अब्बांना ते मान्य नव्हते, आणि मीही हट्ट धरला नाही. तिचा चेहरा आठवायला बसलो की दरवर्षी थोडा पुसट आठवे. कवीला शब्द सापडतात, चेहरा सापडत नाही.

२००६ साली शेजारच्या काकूंनी बोलावले. पुरात भिजू नये म्हणून त्यांनी लेकीचा अल्बम माळ्यावर टाकला होता, तो वाचला होता. लग्न १९८४ सालचे, आमच्याच चाळीच्या अंगणातले. एका फोटोत रुखवत मांडलेला, भोवती बायका. मागच्या रांगेत, अर्धी खांबाआड, काकूंच्या नातवाला कडेवर घेतलेली अम्मी. तिला कॅमेऱ्याचा पत्ताच नव्हता. ती मुलाकडे बघून हसत होती.

मी तेवढा फोटो मोठा करून आणला आणि भीतभीत अब्बांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ बघितले. भिंतीवर लावायचे नाही, एवढेच म्हणाले. ते गेल्यावर त्यांची कागदपत्रे आवरताना तो फोटो सापडला, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, कार्डाला पाठ लावून. त्याच्या मागे त्यांनी उर्दूत अम्मीचे नाव लिहिले होते आणि खाली १९८४.

श्रोतेहो, म्हणून एक विनंती. आज लग्नात हजारो फोटो निघतात आणि कोणत्या तरी पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतात. त्यांतले दहा तरी कागदावर छापून घ्या. घरात जुना अल्बम असेल तर आजच माळ्यावरून काढा, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. हा कोण, ही कोणाची कोण, साल कोणते. ओळखणारे शेवटचे माणूस गेले की आपला अल्बमही जॉन्सनच्या ग्रंथासारखा होतो. कपडे दिसतात, दागिने दिसतात, माणूस कोण ते कळत नाही.

आणि घरी लग्न निघाले तर फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा, घरच्यांचा फोटो पहिला. आजीला गोळी घ्यायला घरी जावे लागण्याआधी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)